पाणी येणारच आहे, पण ते थांबायचं कुठे? (शहरं आणि बिघडलेलं हवामान)

पागोळी

रॉटरडॅममध्ये बेंथेमप्लाइन नावाचा एक चौक आहे. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली खोदलेलं बास्केटबॉलचं मैदान, भोवती बसायला पायऱ्या, कडेने स्टीलच्या चकचकीत पन्हळी. कोरड्या दिवशी तिथे पोरं खेळतात. पाऊस आला की आजूबाजूच्या छपरांचं पाणी त्या पन्हळींतून धावत येतं. आधी दोन उथळ खड्डे भरतात आणि पाऊस हटत नाही असं दिसलं की मोठं मैदानही तळं होतं. तिन्ही मिळून साधारण १७ लाख लिटर पाणी मावतं. २०१३ पासून हे असं चालू आहे.

दिसायला ते छान आहेच, पण माझ्या मनात राहिली ती त्यामागची बैठक. कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवलं असणार की पाणी येणार, ते इथे थांबणार आणि ते असेपर्यंत खेळ बंद.

दुसरं उदाहरण कोपनहेगनचं. २ जुलै २०११ ला संध्याकाळी दोनेक तासांत शहराच्या काही भागांत १५० मिमीच्या आसपास पाऊस पडला. रस्ते, तळघरं, सगळं बुडालं. विम्याचे दावेच सहा अब्ज क्रोनरच्या घरात गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. सुमारे ३०० कामं आणि त्यांना वीस वर्षं. नळ मोठे करत बसण्यापेक्षा काही रस्ते खोलगट करायचे, बागा खाली घ्यायच्या, जिथे इलाज नाही तिथे बोगदे खणायचे. उद्दिष्ट असं की शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढू नये. खास राखलेल्या जागा सोडून.

दहा सेंटिमीटर! म्हणजे घोट्याएवढं. 'पाणी भरणारच नाही' असं ते म्हणत नाहीत. किती भरेल, कुठे भरेल ते सांगतात. 'आमच्याकडे भरणार नाही' म्हणणाऱ्या शहरापेक्षा 'घोट्याएवढं भरेल' म्हणणाऱ्या शहरावर माझा जास्त विश्वास बसेल.

तर चर्चा करू या. शहरं हे हवामान कशी झेलतात, कुठे फसतात? आणि 'रेझिलियन्स'ला, म्हणजे तडाखा सोसून पुन्हा उभं राहण्याला, कुणी बरा शब्द सुचवा. लवचीकता म्हटलं की मला योगासनंच आठवतात.

अर्धविराम

वाचनखूण साठवली.
आता कुणीतरी पुरातल्या लव्हाळ्याचा दाखला देणारच. म्हणून आधीच विचारून ठेवतो, लव्हाळं वाकतं हे ठीक, दहा मजली इमारतीने कुठे वाकायचं? (हलकं घ्या.)

गाळकाढू

पागोळीताई, चांगला विषय. पावसाळी गटारांच्या कामात अठ्ठावीस वर्षं गेली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

गटाराचा नळ किती मोठा घ्यायचा हे ठरतं ते किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस वाहून न्यायचा यावरून. मुंबईचं जुनं जाळं तासाला २५ मिमी पावसासाठी होतं, तेही ओहोटी धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. त्यानंतर तासाला ५० मिमी हे उद्दिष्ट धरून कामं निघाली. न्यूयॉर्कची गटारं तासाला साधारण ४५ मिमीच्या हिशोबाची. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या शेपटाने सेंट्रल पार्कात एका तासात ८० मिमी टाकला. शहरात जे गेले त्यातले बहुतेक तळघरातल्या घरांत राहणारे होते.

आता 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी किती घोळ घातलाय पाहा. लोकांना वाटतं, गेल्या वर्षी येऊन गेला ना, आता नव्व्याण्णव वर्षं निवांत. खरा अर्थ इतकाच की दर वर्षी तसा पाऊस येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज काढलंत तर ते फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. शिवाय हा एक टक्का काढलेला असतो जुन्या नोंदींवरून. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे ज्या वहीवरून आम्ही नळ मोजतो ती वहीच जुनी झालेली.

एक साधा हिशोब. एक हेक्टर जागेवर १०० मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. माती असेल तर त्यातलं बरंच मुरतं आणि उरलेलं रमतगमत येतं. काँक्रीट असेल तर जवळपास सगळं, आणि एकदम. आमचं अर्धं दुखणं त्या 'एकदम'मध्ये आहे.

आणि शेवटचं, जे कुठल्याच सादरीकरणात येत नाही. जाळी. मोठ्या नळांवर पैसा ओतून झाला की जाळीकडे कुणी बघत नाही. पहिल्या पावसात तिच्यावर पानं येऊन बसतात, पानांवर पातळ पिशव्या, पिशव्यांवर बारीक रेती. अर्ध्या तासात जाळीवर गोधडी तयार. रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना दोन चेंबर पुढचं झाकण काढून मी आत पाहिलंय. नळ अर्धा रिकामा होता! वर लोक 'गटारं अपुरी' म्हणून ओरडत होते आणि खाली गटार पाण्याची वाट बघत होतं.

तिरकस

बागा, तळी, मैदानं. सगळं वाचायला गोड. चीननेही पावसाचं पाणी जमिनीत शोषून घेणारी 'स्पंज शहरं' म्हणून मोठा गाजावाजा केला होता. त्यातल्याच एका शहरात, चंगचौमध्ये, २० जुलै २०२१ ला चार ते पाच या एका तासात २०१.९ मिमी पडला. वर्षभराच्या सरासरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. कुठे गेला स्पंज? मेट्रोच्या डब्यात गळ्यापर्यंत पाणी आलं आणि १४ माणसं गेली.

मला विचाराल तर टोकियोसारखे बोगदे खणा. फुलझाडांनी पूर थांबत नसतो.

गाळकाढू

तिरकसराव, बोगद्यांवर माझंही प्रेम आहे, पोट त्यावरच भरलंय. पण तो बोगदा नेमकं काय करतो ते पाहू.

तो टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे इथे आहे. जमिनीखाली ५० मीटरवर ६.३ किलोमीटर लांब, २००६ मध्ये पुरा झाला. आसपासच्या लहान नद्या फुगल्या की त्यांचं जास्तीचं पाणी प्रचंड विहिरींत पडतं, बोगद्यातून वाहत शेवटच्या टाकीत येतं आणि तिथून एदो या मोठ्या नदीत उपसून टाकतात. ती टाकी १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, आत ५९ खांब, फोटोत एखाद्या मंदिराच्या सभामंडपासारखी दिसते. उपसा सेकंदाला दोन लाख लिटर. थक्क करणारं काम आहे, शंकाच नाही.

पण बोगदा पाणी बोलावत नाही. पाणी त्याच्या तोंडापर्यंत पोचावं लागतं. आणि मुळात मोठ्या नदीत जागा असावी लागते. समुद्रकाठच्या शहरांत तर भरतीच्या वेळी पातमुखांच्या, म्हणजे गटारं समुद्रात उघडतात त्या तोंडांच्या, झडपा बंद कराव्या लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून शहरात येतो. तेव्हा पाणी कुठेतरी चार-सहा तास थांबवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. पागोळीताईंचा चौक तिथे कामाला येतो. हाँगकाँगने ताइ हांग तुंगला खेळाच्या मैदानाखाली एक लाख घनमीटरची टाकी केली आहे ती त्याचसाठी. पाऊस ओसरला की रिकामी करायची.

चंगचौबद्दल. स्पंज रोजच्या आणि मध्यम पावसासाठी असतो. २०० मिमीला तो पुरा पडेल असं कुणी सांगितलं असेल तर ती थाप. पण त्या चौदा जणांचा हिशोब स्पंजाच्या नावावर मांडू नका. लाल इशारे आधीच आले होते. मेट्रो वेळेत बंद केली नाही, भुयारी रस्ता वेळेत बंद केला नाही. नंतर सरकारी चौकशीनेही स्थानिक अधिकाऱ्यांच्या ढिलाईवरच बोट ठेवलं. रुळांवर लाल दिवा लावायला ना फुलझाड लागतं ना बोगदा.

पागोळी

'गटार पाण्याची वाट बघत होतं' हे वाक्य आता डोक्यातून जाणार नाही.

लाल दिव्याचा मुद्दा मोठा आहे. सिंगापूरमध्ये बिशान बागेतून २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा जायचा. तो फोडून २०१२ पर्यंत त्यांनी वळणावळणाची, गवताच्या काठांची नदी केली. लोक पार पाण्यापर्यंत जाऊन बसतात. पण तिथे पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, दिवे आहेत, भोंगे आहेत. वर पाऊस वाढला की माणसांना आधी काठावरून उठवतात. नदी मोकळी सोडायची तर भोंगाही हवाच.

रात्रपाळी

आतापर्यंत सगळे पाण्यावरच बोलताय, कारण पाण्याचे फोटो येतात. उन्हाचे येत नाहीत. मी तातडीच्या विभागात काम करते, माझ्याकडे उन्हाची माणसं येतात.

एक आजी अजून आठवतात. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, वर थेट तापलेला स्लॅब, चोरीच्या भीतीने खिडक्या बंद. आणलं तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली आणि कोरडी ठणठणीत त्वचा. स्वतःचं नाव विचारलं तर भलतंच काही बोलत होत्या. ताप ४१ च्या वर. शेजाऱ्यांनी तापाची गोळी दिली होती. उष्माघातात ती गोळी काही कामाची नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो. अंग बाहेरून आणि ताबडतोब थंड करणं हाच उपाय. गार पाणी, ओल्या चादरी, पंखा, बर्फ, हाताशी येईल ते. मिनिटं मोजावी लागतात. आजी वाचल्या, पण पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

शिकागोत जुलै १९९५ च्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ जास्त माणसं गेली. नंतर तिथे एक गोष्ट लक्षात आली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारच्या दोन वस्त्या. गरिबी दोन्हीकडे, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे. पण एकीकडे मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. फरक रस्त्यांत होता. साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं भीती न बाळगता खाली उतरत आणि थंड दुकानात जाऊन उभी राहत. नॉर्थमध्ये उजाड प्लॉट, बंद दुकानं, गुन्हेगारी. माणसं दार लावून आत बसली आणि आतच गेली.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०२१ च्या लाटेत ६१९ मृत्यू झाले. त्यातले ९८ टक्के घराच्या आत, आणि निम्म्याहून जास्त लोक एकटे राहणारे. उन्हाला तुमच्या चौकासारखा खड्डा खोदून देता येत नाही, पागोळीताई. ऊन थांबतं ते अशाच एखाद्या खोलीत.

यावर काम झालेलं नाही असं मात्र नाही. अहमदाबादला मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात अवघड असं काहीच नाही. अंदाज आला की रंगानुसार इशारा, कोणत्या रंगाला कोणी काय करायचं ते आधीच लिहिलेलं, दवाखान्यांत बर्फाची सोय, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण, पाण्याच्या जागा. पुढे वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंगही. शहराने पैसे कमी खर्चले असतील, पण फोन नंबर नीट लिहून ठेवले.

तिरकस

रात्रपाळीताई, पटलं. माझा आवाज थोडा खाली घेतो. पण मग सरळ सगळ्यांना एसी का नाही?

रात्रपाळी

एसीने जीव वाचतात, त्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. आजारी आणि म्हाताऱ्यांना एक तरी थंड खोली मिळायलाच हवी. पण एसी आतली उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे ज्याच्याकडे नाही त्याच्या खिडकीत. आणि सगळे एकदम लागले की वीज जाते, तीही नेमकी त्याच रात्री.

रात्र मुद्दाम म्हटलं. दिवसाच्या कमाल तापमानाचे मथळे होतात, पण शरीराला सावरायला गार रात्र लागते. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. म्हणून झाडं. कोलंबियातल्या मेदेयीन शहराने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने ३० हिरवे पट्टे लावले आणि तिथलं तापमान सुमारे २ अंशांनी खाली आलं. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. आमच्या विभागात दोन अंश म्हणजे किती खाटा ते मला माहीत आहे.

उतारावरून

नगररचनेत काम केलंय, म्हणून अडचणीचा प्रश्न मीच विचारतो. पाण्याला जागा द्यायची, मान्य. कुणाची जागा?

स्पेनमधल्या वॅलेन्सियाचं बघा. १९५७ च्या पुरात ८० हून जास्त माणसं गेली. मग त्यांनी तुरिया नदीच शहराबाहेरून, दक्षिणेकडून, नव्या रुंद पात्रात वळवली. जुनं पात्र आता शहरातली लांबलचक बाग आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला वरच्या अंगाला तुरीस इथे एका तासात १८४.६ मिमी पडला. नव्या पात्राने आपलं काम चोख केलं, मूळ शहर वाचलं. पण त्या पात्राच्या दक्षिणेला पोयो नावाचा एरवी कोरडा असणारा ओढा आहे. तो फुगला आणि पाइपोर्तासारखी गावं बुडाली. त्या प्रांतात २२० हून जास्त मृत्यू. बुडालेल्या त्या गावांत पाऊस नावापुरता होता. लोक कोरड्या रस्त्यावर उभे होते आणि समोरून पाणी आलं. फोनवरचा इशारा वाजला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक जण पाण्यात होते.

१९५७ नंतर संरक्षण मिळालं ते शहराला. ओढ्याच्या काठावर मात्र घरं वाढत राहिली. एक बाजू सुरक्षित झाली की पुढची पन्नास वर्षं सगळे तिच्याकडेच बघतात. बांधाचंही तेच. बांध झाला की त्यामागची जमीन 'सुरक्षित' ठरते, वस्ती दाटते, आणि बांध फुटला की नुकसान पूर्वीच्या कितीतरी पट. न्यू ऑर्लिन्सला २००५ मध्ये कतरिना वादळाच्या वेळी बांध आणि पूरभिंती खचल्या आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

नेदरलँड्सची मंडळी या बाबतीत प्रामाणिक वाटतात. १९९५ मध्ये नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. बांध आणखी उंच करायचे की नदीला जागा द्यायची असा प्रश्न आला. त्यांनी तिसाहून जास्त ठिकाणी जागा दिली. नायमेखनला बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि वाल नदीला दुसरं पात्र खोदून दिलं. त्यासाठी सुमारे पन्नास घरं उठवावी लागली. लोक भांडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या. पण मोबदला मिळाला आणि कोण उठणार हे कागदावर, नावानिशी, आधी ठरलं.

बऱ्याच शहरांत नेमकं हेच होत नाही. नदीपात्रातल्या झोपड्यांवर 'अतिक्रमण' म्हणून बुलडोझर जातो आणि त्याच पूररेषेतल्या मोठ्या संकुलासाठी रेषाच सरकवली जाते. मग 'पाण्याला जागा' हे शब्द ऐकले की गरीब माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अर्धविराम

दंडवत घ्या. रेषा सरकवणं! पाणी मात्र जुनाच नकाशा वाचतं.

उंबरठा

नकाशावरून आठवलं. आम्ही तळमजल्यावर एक घर बघायला गेलो होतो. स्वच्छ, नवा रंग, भाव बरा. दलाल म्हणे, 'इथे पाणी? छे, कधीच नाही.' माझ्या सासूबाई मात्र घरभर फिरून एकच गोष्ट बघत होत्या. विजेची सगळी बटणं आणि सॉकेट खांद्याच्या उंचीवर. मिक्सरचं, टीव्हीचं, अगदी पलंगाशेजारचंसुद्धा. दलालाला विचारलं तर म्हणाला, लहान मुलं होती ना घरात, म्हणून. सासूबाई कपाटामागे वाकल्या, बोटाने रंग खरवडला. आत पोपडा, आणि मांडीच्या उंचीवर एक सरळ आडवी रेघ.

घर घेतलं नाही. पण ज्याने घेतलं त्याला कुणी सांगितलं असेल का, हे अधूनमधून मनात येतं. पूर कुठवर येतो याचे नकाशे जाहीर करायला शहरं कचरतात, कारण जागेचे भाव पडतात म्हणे. भाव पडतात म्हणजे काय, आमच्यासारख्याने डोळे झाकून घ्यावं अशीच व्यवस्था झाली ना?

उतारावरून

सासूबाईंना आमच्या खात्यात घ्या. :)

भाव पडण्याची भीती खरी आहे, पण ज्यांची घरं आधीच तिथे आहेत त्यांचं काय हाही प्रश्न आहेच. त्यांचा काहीच दोष नसताना एका नकाशाने आयुष्याची कमाई अर्धी होते. म्हणून नकाशाबरोबर काहीतरी द्यावं लागतं. जोतं उचलायला मदत, विमा, नाहीतर सरळ विकत घेणं. नुसता नकाशा टाकून हात झटकले तर लोक तो फाडणारच.

कोरडवाहू

पूर झाला, ऊन झालं, टंचाई राहिली. केपटाऊनने २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. अंघोळीचं पाणी बादलीत धरून तेच संडासात. शहराचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला, नळ बंद होण्याचा दिवस टळला आणि पुढे पाऊसही आला. कौतुक आहेच. पण दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. पैसेवाल्यांनी आवारात विंधन विहिरी खणल्या. आणि लोकांनी पाणी वाचवलं म्हणून पालिकेचं उत्पन्न घटलं, मग दर चढले. वाचवणाऱ्यालाच बिल जास्त! झळ सोसायची आणि वर दंड भरायचा असं झालं की पुढच्या वेळी लोक ऐकणार नाहीत.

गाळकाढू

एक राहिलं. यंत्रणा कुठे मोडेल हे बसून शोधा. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर शहाण्यासारखे तेराव्या मजल्यावर होते. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडालं. मग कर्मचारी आणि जवान जिन्यावर रांग लावून हातोहात इंधन वर पोचवत राहिले. सगळं वर नेलं आणि एक पंप खाली राहिला. बहुतेक शहरांची गोष्ट या एका पंपाचीच असते.

आणि व्हिएन्नाचं कुणीच नाव घेतलं नाही. १९७२ ते १९८८ खपून त्यांनी डॅन्यूबला २१ किलोमीटरचं जोडपात्र खोदलं आणि निघालेल्या मातीचं मधोमध बेट केलं. एरवी लोक तिथे पोहतात, पूर आला की दारं उघडतात. सोळा वर्षं! निवडणुका किती झाल्या असतील मध्ये, मोजा.

पागोळी

सगळ्यांचे आभार. रात्रपाळीताई आणि उतारावरून यांनी माझा प्रश्नच बदलला. मी विचारत होते, पाणी कुठे थांबावं. विचारायला हवं होतं, ते कुणाच्या दारात थांबवायचं हे ठरवताना त्या दारातला माणूस बैठकीला होता का. कोपनहेगनच्या दहा सेंटिमीटरबद्दलही आता वाटतं, तळघरात राहणाऱ्याला दहा सेंटिमीटर म्हणजे काय?

शब्द मात्र कुणीच दिला नाही.

गाळकाढू

आमच्या कामावरची माणसं रात्र पार पडली की 'निभावलं' म्हणतात. चालतंय का बघा.

अर्धविराम

'निभाव' छान आहे. धाग्याने प्रेरित होऊन आत्ता खाली जाऊन आमच्या फाटकासमोरची जाळी बघून आलो. काठीने उकरलं.

गाळकाढू

पाऊस नसताना उकरलंत ना? पाणी साचलेलं असताना हात किंवा पाय घालू नका, ओढ भयंकर असते. आणि झाकण तर कधीच उघडून ठेवू नका. पाण्याखाली ते दिसत नाही, मागून येणारा माणूस थेट आत जातो.

अर्धविराम

कोरडं होतं, साहेब. दोन पिशव्या, एक नारळाची शेंडी आणि एक चप्पल निघाली. डाव्या पायाची. उजवी दोन चेंबर पुढे असावी.